चष्मेवाल्याला मी कसं घडवलं

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारचे चार.

सूनबाई, सगळ्यात आधी हे लिही, की ही वही गेल्या आठवड्यात तू हरवलीस आणि चार दिवसांनी ती इस्त्रीच्या कपड्यांखाली सापडली, जिथे तूच ठेवली होतीस. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, अशी बाई मला लिहायला-वाचायला मिळाली आहे. मला अक्षर येत नाही, पण वस्तू कुठे ठेवली ते जन्मभर आठवतं. तुला अक्षर येतं, बाकी सगळा आनंद. दोघी मिळून एक शहाणी बाई होते. हेही लिही. गाळू नकोस, पेन किती हलतंय ते मला दिसतं.

वही कोणाला दाखवायची नाही. माझी मला आहे. महिना संपला की तू वाचून दाखवायचीस, म्हणजे मी किती बरोबर होते ते मला एकदम कळेल.

आता बातमी. आमच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचं चेंबर आहे, एकतीस दुकानांचं. त्यांनी मला नेमलं. ‘जोडी योजना’ म्हणून नवीन काढलंय. एक मुरलेलं दुकान घ्यायचं, एक डळमळणारं घ्यायचं, आणि महिनाभर दोघांना रोज तासभर एकत्र बसवायचं. मुरलेल्याने डळमळणाऱ्याला सावरायचं. अध्यक्षांनी, म्हणजे कुलूपवाल्यांनी, हॉलमध्ये माझ्या हातात कागद दिला. निळा शिक्का. म्हणाले, आजी, तुमची जोडी चष्मेवाल्याशी लागली, उद्यापासून अकरा वाजता तो तुमच्या दुकानात येईल. मी लगेच ओळखलं. मी चाळीस वर्षं बटणं विकतेय, त्याचं दुकान तीन वर्षांचं. कोण कोणाला सावरणार हे विचारणं म्हणजे अपमान, म्हणून विचारलं नाही. आणि तो माझ्याकडे येणार हेही रीतसरच, शिकणाऱ्याने चालत यायचं असतं. अध्यक्ष पुढे काहीतरी समजावत होते. मी म्हटलं, कळलं, कळलं.

सहीच्या जागी मी चार भोकांचं बटण काढते. बँकेतही तेच चालतं. ते काढून दिलं.

सूनबाई म्हणते, कागद एकदा वाचून दाखवते. नको म्हटलं. मानाच्या कागदात काय असतं ते मला न वाचता कळतं. म्हणाली, अहो आई, ऐका तरी. मधे बोलू नकोस. लिही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

कागद फ्रेममध्ये घालून काउंटरच्या मागे टांगला. बरोबर दिव्याखाली, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा. सूनबाईने दोनदा विचारलं, आई, नक्की तिथेच? मी म्हटलं, मग काय कपाटात लावू? ती हसली. का हसलीस विचारलं तर म्हणाली पेन अडलं. तेव्हा हातात पेन नव्हतं, स्टूल होतं.

अकराला चष्मेवाला आला. चाळिशीचा, उंच, जरा पोक काढून चालतो, आणि बोलतो असा की जणू शेजारी कोणीतरी झोपलंय. वही घेऊन आला होता. हे मला आवडलं. पहिलाच प्रश्न, दिवसाला गिऱ्हाइकं किती येतात. मी म्हटलं, पुष्कळ. त्याने लिहून घेतलं. मग आम्ही तासभर बसलो आणि एकही आलं नाही. बारा वाजता त्याने परत काहीतरी लिहिलं. अभ्यासू आहे.

बिचारा. त्याच्या दुकानात माल म्हणजे नुसत्या चौकटी. आत काचासुद्धा नाहीत. असं दुकान कसं चालायचं.

निश्चय: महिन्याभरात याला माणसात आणायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार.

जेवताना मुलाने परत तोच विषय काढला. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण आमची जागा मागतोय. मुलाचं म्हणणं, दिवसाला चार गिऱ्हाइकांसाठी, आई, तू थंडीत शटर उघडतेस आणि गुडघे चोळत बसतेस. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोजची पंधरा झाली तर दुकान राहील. नाहीतर किल्ली त्या माणसाला. जागा मुलाच्या नावावर आहे, त्यामुळे त्याचं बोलणंही हल्ली शिक्का मारल्यासारखं येतं.

मी म्हटलं, अरे बाबा, मला आत्ता हे ऐकायला फुरसत नाही. मी एका बुडत्या माणसाला बाहेर काढतेय. मुलगा सूनबाईकडे बघायला लागला, सूनबाई पाण्याच्या तांब्याकडे.

तरी लिहून ठेव. दुकान गेलं तर सकाळी उठून मी कुठे जायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही. चल, पुढचं पान.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज धडा पहिला: खण.

माझ्या दुकानात एकशे बारा खण आहेत. बाकीचे लोक त्यांच्यावर नावं लिहितात, नंबर लिहितात. माझ्याकडे प्रत्येक खण माणसाचा आहे. ज्याने ते बटण पहिल्यांदा नेलं, त्याचा तो खण. डॉक्टरीणबाईंचा खण, बँडवाल्यांचा खण, दोनदा लग्न केलेल्या बाईचे दोन खण, एकमेकांपासून लांब. चष्मेवाल्याला सगळं फिरून दाखवलं. त्याने विचारलं, शर्टाचं साधं पांढरं बटण हवं असेल तर? मी म्हटलं, हेडमास्तरांचा खण. तो म्हणाला, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला कळून काय करायचंय, मी आहे ना.

मग त्याच्या मनात काय आलं, रस्त्यावरून नळ दुरुस्त करणारा जात होता, त्याला आत बोलावलं आणि सांगितलं, पांढरं बटण शोधा, आजींना विचारायचं नाही. घड्याळ लावून बसला. अकरा मिनिटं. तेवढ्यात नळवाल्याला दोन झिपा, एक मेलेला पतंग आणि डॉक्टरीणबाईंची गेल्या वर्षीची पावती सापडली. पांढरं बटण नाही. मी चष्मेवाल्याला म्हटलं, बघितलंस ना, किती खोल धंदा आहे हा. त्याने मान हलवली आणि बराच वेळ लिहिलं.

सूनबाईने त्याची वही चोरून वाचलीय. काय लिहिलंय ते सांगत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार.

फ्रेमचा फार चांगला परिणाम होतोय. आत येणारा प्रत्येक जण थांबून वाचतो. मग माझ्याकडे बघतो. नजर एकदम मऊ. पोस्टमनने पूर्ण वाचलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, आजी, यात कमीपणा काही नाही, माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं, आता बरं चाललंय. मी म्हटलं, कमीपणा कसला, अभिमान आहे. तो म्हणाला, हेच हवं. मेव्हणा कोणाला शिकवत होता ते विचारायचं राहिलं.

बेकरीवाली सहा झिपा घेऊन गेली. तिला टाका घालता येत नाही हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. विचारलं कशाला, तर म्हणाली, असू दे हो आजी, आपणच आपल्या माणसांकडून घ्यायचं नाही तर कोणी. गुरूचा मान कसा ठेवावा हे या पोरीकडून शिकावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

शिष्याच्या दुकानाची पाहणी केली. न कळवता गेले, कारण खरं चित्र तेव्हाच दिसतं.

परिस्थिती वाईट. खुर्च्यांवर सात माणसं नुसती बसून. कोणी काही विकत घेत नव्हतं. एकेकाला आत नेऊन भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होता, आणि माणसं चुकत होती तरी ओरडत नव्हता. मी म्हटलं, अरे, दारातच परीक्षा घेशील तर माझ्यासारख्या बायका बाहेरूनच परत जातील.  मग त्याने कपाटातून दुसरा तक्ता काढून भिंतीला लावला. चित्रांचा. घर, झाड, बदक. मला खुर्चीत बसवलं. बदकापर्यंत सगळं आलं, त्याखाली एक होतं ते मी हातोडी म्हटलं. ती छत्री निघाली. चित्रं काढणाऱ्याचा हात चांगला नाही.

म्हणजे बघा, एक वाक्य बोलले आणि माणसाने भिंत बदलली. असा विद्यार्थी हवा.

जाता जाता एका बाईला सांगून टाकलं, की या चौकटीत तुम्ही घुबडासारख्या दिसता. चौकट ठेवून गेली. वाचली बिचारी. खरेपणाने धंदा वाढतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. रोज मीच तिथे बसावं असं सुचवलं. तो म्हणाला, नको, मीच तुमच्याकडे येत जाईन. नम्र आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

त्याला मोजणी शिकवायची म्हणून काउंटरवर काचेची बरणी ठेवली. (सूनबाई म्हणते बरणी त्याची कल्पना. पेन तिच्या हातात आहे म्हणून काहीही.) गिऱ्हाईक आलं की एक बटण बरणीत. संध्याकाळी माझी सतरा, त्याच्या वहीत सहा.

त्याने विचारलं, आजी, बाकीची अकरा कोण? मी सांगितली. पोस्टमन. विसरलेलं पेन घ्यायला परत आलेला पोस्टमन. रस्ता विचारणारा एक, त्याला मी तीनदा सांगितला म्हणून तीन. काचेतून बघून गेलेली बाई. तिचा नवरा, तो बाहेर उभा होता पण मन आत होतं. सूनबाई. डबा घेऊन आलेली सूनबाई, कारण डबा हा वेगळा विषय आहे. आणि मी, मी शिंप्यासाठी रीळ काढलं म्हणजे गिऱ्हाइकाचंच काम केलं. दहा झाली. अकरावं कोण ते आठवेना, म्हणजे अनोळखी असणार, म्हणजे नक्की गिऱ्हाईक.

तो म्हणाला, तुमचा मुलगा माझी वही बघणार आहे. मी म्हटलं, त्याला बरणी दाखवू. आज पहिल्यांदा रात्रीची झोप जरा उशिरा लागेल असं वाटतंय. जेवण जड झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

चेंबरची मीटिंग. मी पहिल्या रांगेत. एकतीसपैकी बावीस जण आले, त्यातले सहा मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते. पहिला पाऊण तास बाहेरच्या बाकाला रंग कोणता यावर. हिरवा ठरला, रंगवाल्याकडे करडाच शिल्लक होता म्हणून करडा ठरला.

चेंबरला मी नावं ठेवते, पण ते माझं आहे म्हणून. शिंप्याच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा यांनीच प्रत्येक दुकानाला एकेक फळी रिकामी करायला लावली आणि त्याचं कापड वाटून ठेवलं. माझ्याकडे सहा महिने निळं कापड होतं. शिंपी रोज येऊन त्याला हात लावून जायचा. सामान पोचवायची गाडी सगळ्यांत मिळून एक आहे. गल्लीतले दिवे यांनीच मागे लागून लावून घेतले. भांडतात फार, पण उठून जात नाहीत.

मग चष्मेवाला उभा राहिला. म्हणाला, महिन्यातून एक शनिवार हॉलमध्ये दुरुस्तीचा दिवस करू. आसपासच्या लोकांनी मोडकं-तुटकं घेऊन यावं, आपण दोन तास फुकट नीट करून द्यावं. चांभार, घड्याळवाला, सायकलवाला, आणि बटणांसाठी आजी.

मी तिथेच सांगितलं, चुकीची कल्पना. फुकट शिवलं तर विकायचं काय. हात वर झाले, मंजूर झालं. घरी येईपर्यंत मी नीट विचार केला आणि लक्षात आलं, की दुरुस्ती हा शब्द दहा-बारा दिवसांपूर्वी माझ्याच तोंडून गेला होता. तो नळवाल्याच्या संदर्भात होता, पण गेला होता. तर ही कल्पना माझीच. लिही तसं.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

हात दुखतायत, थोडक्यात सांगते. (सूनबाई: हात माझा लिहितोय.)

दहा वाजता हॉलचं दार उघडलं आणि लोक आत शिरले ते थांबेचनात. चांभाराकडे रांग, घड्याळवाल्याकडे रांग, माझ्याकडे तर दारापर्यंत. मी कोट ओळखते, माणसं नंतर. एकाला म्हटलं, हा तुझ्या वडिलांचा, वरून दुसरं बटण त्यांनी भांडणात स्वतःच ओढून तोडलं होतं. तो म्हणाला, भांडण कोणाशी? मी म्हटलं, माझ्याशी. बटण महाग दिलं म्हणून.

मग एक बाई आली. हातात पुरुषी गडद कोट, तीन बटणं गेलेली. म्हणाली, घालायचा नाही कोणी, पण असा उघडा टांगलेला बघवत नाही. मी सूनबाईला दुकानात पाठवलं. खिडकीकडून तिसरी रांग, खालून चौथा खण, सुतारमास्तरांचा. तिचा नवरा. वीस वर्षांपूर्वी आठ नेली होती त्याने, माझ्याकडे पाच उरली होती. तीन लावून दिली. बाई कोटाची बटणं लावत उघडत बराच वेळ तिथेच उभी राहिली. रांगेतलं कोणी घाई केली नाही.

चष्मेवाला माझ्या मागे उभा राहून प्रत्येकाला चिठ्ठी देत होता. आमच्या दुकानाचा पत्ता, उघडायची वेळ. असली बारीकसारीक कामं त्याला बरी जमतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

शेवटचा आठवडा चालू. काल चौदा, आज सोळा. ही बरणीतली नाहीत, त्याच्या वहीतली. म्हणजे त्याला अखेर मोजता यायला लागलं.

कोटवाले येतायत, त्यांच्या बहिणी येतायत. काही जण फ्रेम वाचायलाच येतात असं वाटतं, वाचून झालं की इलॅस्टिक घेतात. मुलाला फोनवर सांगितलं, शनिवारी चेंबरची वार्षिक सभा आहे, जोड्यांचा सत्कार आहे, येऊन आईचं भाषण ऐक. भाषण पाठ करतेय. विषय: चष्मेवाला, आधी आणि नंतर.

सूनबाई म्हणाली, आई, भाषणाआधी मला तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हटलं, भाषणानंतर. आता मधे काही घुसलं तर मागचं सांडेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

गुडघा धरला. डॉक्टरीणबाईंनी दिवसभर झोपून राहायला सांगितलं. दुकान सूनबाईने आणि चष्मेवाल्याने उघडलं. काल सतरा झाली होती, आजही तितकीच होतील म्हटलं.

संध्याकाळी दोघे घरी आले. चेहरे उतरलेले. नऊ माणसं रिकाम्या हाताने परत गेली. कोणाला काळा हुक हवा होता, कोणाला कोटाचं तपकिरी बटण. सगळं दुकानात आहे. सापडलं एकालाही नाही. सूनबाईने मला बारा फोन केले, मी गोळी घेऊन झोपले होते.

मी उशीला टेकून मनापासून हसले. म्हटलं, आता कळलं ना माझ्याशिवाय काय होतं ते? चष्मेवाला म्हणाला, हो आजी, आता नीट कळलं. एवढं बोलून वही मिटली. कौतुक करायची त्याची पद्धत कोरडी आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सभेनंतर.

पूर्ण विजय. सावकाश सांगते.

अध्यक्ष माइकवर गेले, म्हणाले आता जोड्या. ते नाव घ्यायच्या आत मी वर पोचले होते. भाषण एकदाही अडखळलं नाही. सांगितलं, की हा माणूस माझ्याकडे आला तेव्हा याला हुक आणि पिन यातला फरक कळत नव्हता. दुकानात माणसं नुसती बसून असायची. भिंतीवर परीक्षा. मी याला मोजायला शिकवलं, बोलायला शिकवलं, दुरुस्तीचा दिवस शिकवला. एका महिन्यात याला पायावर उभा केला.  लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, काहींनी तर तोंडावर रुमाल धरले होते, खांदे हलत होते.

अध्यक्षांच्या हातात सर्टिफिकेट होतं. ते चष्मेवाल्याकडे वळले, चुकून. मी पुढे होऊन घेतलं. अध्यक्ष म्हणाले, आजी, अहो, ते... तेवढ्यात चष्मेवाला माइकजवळ आला. महिनाभरात पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

“राहू द्या त्यांच्याकडे. मी खरंच शिकलो.”

मग जो टाळ्यांचा आवाज झाला. मुलगा मागच्या रांगेत होता, तो मात्र जमिनीकडे बघत होता. लाजाळू आहे, बापावर गेलाय.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

सूनबाईला म्हटलं, सर्टिफिकेट वाच, पाठ करून ठेवते.

तिने वाचलं. ‘मार्गदर्शक: चष्म्याचे दुकान. बटणांच्या दुकानाला सावरल्याबद्दल.’

छपाईची चूक. छापखान्यात जाऊन बदलून आण म्हटलं. सूनबाई पेन खाली ठेवून बसून राहिली.

दुपार.

दुकानातून फ्रेम काढून आणायला लावली. वाचायला लावलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हळू, एकेक शब्द. हे दुकान अडचणीत आहे, तरी सभासदांनी आणि ग्राहकांनी या आजींना सहकार्य करावे ही विनंती. खाली बटण. माझं.

महिनाभर दिव्याखाली होतं.

योजनेचा अर्ज सूनबाईनेच भरला होता. ऑक्टोबरमध्ये. तेव्हाही मी बटण काढून दिलं होतं, वाचू नकोस म्हणून. विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, तीनदा सांगायला गेले, तीनही वेळा तुम्ही मला थांबवलंत. तुम्हीच लिहायला लावलंत, वहीत आहे.

बेकरीवालीच्या सहा झिपा.

आज एवढंच.

१ डिसेंबर, सोमवार.

दुकानात जाणार नव्हते. किल्ली द्यायला तरी जायला हवं म्हणून गेले.

मुलगा आधीच आला होता. अकरा वाजता चष्मेवालाही आला, योजना संपली तरी. मी बरणी पुसत होते. त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने वही मुलासमोर उघडून ठेवली. पहिल्या आठवड्यात रोजची चार. शेवटच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार मिळून एक्क्याऐंशी. मुलाने फोनवर हिशोब केला. साडेतेरा. पंधरा हवी होती.

मुलाने किल्ली उचलली. वाईट वाटत होतं त्याला, माझ्या पोटचा आहे, मला दिसतं. आणि मी तर ‘सहकार्य करावे’ अशा बाईसारखी उभी.

चष्मेवाला म्हणाला, गुरुवारी नऊ जण परत गेले. त्यांना हवं ते दुकानातच होतं. ती नऊ धरली तर नव्वद होतात. भागिले सहा.

 मी एकशे बारा खणांकडे बघत होते. गुरुवारी मी उशीला टेकून हसले होते, ते आठवलं. ती नऊ माणसं चेंबरने घालवली नाहीत, कव्हरवाल्याने नाही, मुलाने नाही.

मग मी जे बोलले ते सूनबाई, तू तिथे होतीस, तुला माहीत आहे, पण लिही.

“बस रे. खण कसे लावायचे ते दाखव. आजपासून तू बोल, मी ऐकते.”

म्हणाला, नावं लिहायला नकोत आजी, प्रत्येक खणाच्या तोंडावर त्यातलंच एक बटण शिवू. रंगाप्रमाणे रांगा लावू. मग नळवाल्यालाही सापडेल आणि सूनबाईंनाही. मी म्हटलं, सूनबाईला सापडणार नाही, पण प्रयत्न करू. मुलाने किल्ली परत खिळ्याला लावली. फेब्रुवारीअखेरपर्यंत, म्हणाला, आणि आई, ते म्हणतील तसं. मी हो म्हटलं. दोनदा म्हणायला लावलं त्याने.

सर्टिफिकेट मी स्वतः त्याच्या दुकानात जाऊन लावून आले. थोडं तिरकं लागलंय. रांगेत सात जण बसले होते, आज ते मला गिऱ्हाइकं दिसली. घुबड म्हटलेल्या बाईबद्दल मी त्याच्याकडे माफी मागितली. तो म्हणाला, ती परत येऊन तीच चौकट घेऊन गेली, तिला घुबडं आवडतात. हे खरं की माझ्यासाठी, ते मला ओळखता आलं नाही, आणि विचारलंही नाही.

आता नीट ऐकून लिही, आणि लिहून विसरू नकोस. खणांच्या चौदा ओळी म्हणजे चौदा दिवस लागतील, तासभरात होणार नाही, तो दुपारी थांबणार आहे. तर उद्यापासून डबा दोघांचा पाठव. चार उकडलेली अंडी, सोलून नको, नाहीतर वाटेत घसरतात. पाव, जाड कापलेला. काकडी. दोन केळी, फार पिकलेली नकोत. उकडलेले बटाटे त्याला आवडतात की नाही माहीत नाही, तरी दोन टाक. आणि मीठ वेगळ्या पुडीत बांध, कारण महिनाभर शेजारी बसून त्याला किती लागतं ते मी विचारलेलंच नाही.